तांब्याचा कलश, नऊ वार कापड आणि ठाण्याचा जुना बाजाररस्ता

माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले, आणि मामाकडून जे जे द्यायचे असते त्याची यादी घेऊन ती एका शनिवारी सकाळी ऐरोलीहून ठाण्याला आली. नवरीची पिवळी नऊवारी अष्टपुत्री, करवलीच्या हातात द्यायचा तांब्याचा कलश, ताम्हण, पळी-पंचपात्र, ओटीचे खण, हिरवा चुडा आणि मुंडावळ्या, असे सगळे तिने एका वहीच्या पानावर नीट ओळीने लिहून आणले होते. ही सगळी खरेदी तिला एका मॉलमध्ये, किंवा जमल्यास मोबाइलवरच, एका दुपारी उरकायची होती. मी तिला म्हटले की तू मला एक पूर्ण दिवस दे, आपण सगळे चालत घेऊ, आणि ज्या वाटेने घेऊ ती वाट तुला आयुष्यभर लक्षात राहील.

ठाणे स्टेशनपासून जांभळी नाका, तिथून कोर्ट नाका, टेंभी नाका, तलावपाळी आणि शेवटी राम मारुती रोड अशी ही वाट आहे. नौपाड्यात राहायला आल्यापासून गेली अठ्ठावीस वर्षे मी ती चालते आहे. एकूण अंतर फार नाही. न थांबता चालणारा माणूस तासाभरात सगळे फिरून येईल. परंतु ही वाट न थांबता चालण्यात काहीच अर्थ नाही, कारण इथले प्रत्येक जुने ठिकाण कोणत्या ना कोणत्या दुकानाला लागून आहे आणि दुकानाच्या पायरीवर थांबल्याशिवाय त्या ठिकाणाकडे मान वर करून पाहण्याची सवड मिळत नाही. सोबत कोणी माहितगार असायलाच हवा असे नाही. दोन कापडी पिशव्या, पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि पायांत बंद चपला असल्या की पुरे. आम्ही सकाळी साडेआठला निघालो, आणि तीच वेळ मी सर्वांना सुचवीन, कारण अकरानंतर जांभळी नाक्यावर हातगाड्या, टेम्पो आणि माणसे यांची इतकी दाटी होते की शेजारच्या माणसाशी बोलणेही कठीण होते.

ती ट्रान्स-हार्बरच्या गाडीने दहा नंबरच्या फलाटावर उतरली. आम्ही पूल ओलांडून पश्चिमेकडे आलो, तेव्हा मी तिला पुलावरच थांबवून खालच्या रुळांकडे पाहायला सांगितले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच गावी येऊन थांबली होती. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि पुढे साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने जोडलेली ती गाडी २१ मैलांचे अंतर कापून इथे आली, आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, खाडीवरचा पूल ओलांडून रूळ कल्याणपर्यंत गेले. हे सगळे शाळेत आपण पाठ केलेले असते. जे पाठ केलेले नसते ते असे, की रेल्वे आली तेव्हा ठाणे हे काही नव्याने वसवलेले गाव नव्हते. खाडीच्या काठी चेंदणीचा कोळीवाडा आधीपासूनच होता, आणि रुळांनी त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले. आजही नारळी पौर्णिमेला दोन्हीकडची कोळी मंडळी पालखी आणि सोन्याचा मुलामा दिलेला नारळ घेऊन खाडीवर जातात. बंदर आधी होते, बाजार त्याच्या मागोमाग आला आणि रेल्वे सर्वांत शेवटी आली. आम्ही चाललो ती वाट या तिघांना जोडणारी आहे.

स्टेशन रोडचा पहिला टप्पा मी पटकन उरकते, कारण तिथे रिक्षा आणि बसच्या रांगांतून वाट काढण्यापलीकडे काही करता येत नाही. मामलेदार कचेरीजवळ मात्र थांबलो. मामलेदार मिसळ हे नाव ठाण्याबाहेरच्या लोकांनाही ठाऊक आहे, आणि ते नाव त्या कचेरीवरूनच पडलेले आहे. भाचीने मध्यम तिखट मागवली आणि तरीही तिच्या डोळ्यांना पाणी आले. मी ताक मागवून तिच्यापुढे ठेवले. इतक्या सकाळी तर्रीदार मिसळ खावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण पुढे तीन-चार तास चालायचे असेल तर ती पोटाला धरून ठेवते, हा माझा अनुभव आहे. तिथून जवळच सुभाष पथावर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १ जून १८९३ रोजी स्थापन झालेली ही संस्था वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि मराठी साहित्याचा पहिला मोठा इतिहास त्याच भाव्यांनी लिहिला. मी तिथली जुनी वाचक आहे. लग्नाच्या खरेदीच्या दिवशी आत शिरले तर दुपार तिथेच होईल हे ठाऊक असल्यामुळे आम्ही बाहेरूनच नमस्कार केला.

जांभळी नाका आला की वाट खऱ्या अर्थाने सुरू होते. एका बाजूला मंडई, दुसऱ्या बाजूला धान्याची आणि मसाल्याची घाऊक दुकाने, मध्ये पूजासाहित्याच्या टपऱ्या, आणि या सगळ्याच्या पलीकडे कौपिनेश्वराचे शिखर. सकाळच्या वेळी इथे केळीची पाने पाण्याचा हबका मारून उलगडून ठेवलेली असतात, आणि आंब्याच्या डहाळ्या, झेंडू, दूर्वा यांचा ओला वास हिंग-मिरचीच्या वासात मिसळतो. पूजेच्या दुकानात आम्ही सुपाऱ्या, हळकुंडे, बदाम आणि खारका घेतल्या. दुकानातल्या काकांनी यादी न पाहताच विचारले, "लग्न मुलीकडचे की मुलाकडचे?" आणि मुलीकडचे म्हटल्यावर आम्ही लिहायला विसरलेल्या चार वस्तू स्वतःहून काढून समोर ठेवल्या. अंतरपाटाचे कापड आमच्या यादीत नव्हते. भाचीला वाटत होते ते कार्यालयवाले आणतात. काका म्हणाले की आणतात, पण घरचा अंतरपाट असावा, मामा धरतो तो. मी मामाची बायको असूनही हे माझ्या ध्यानात राहिले नव्हते. अशी माणसे दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली आहेत तोवर कोणती खरेदी मोबाइलवर करावी आणि कोणती पायी येऊन करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कौपिनेश्वर हे ठाण्याचे ग्रामदैवत आहे. शिलाहारांच्या काळापर्यंत त्याची परंपरा नेली जाते. आजचे देऊळ मात्र पेशवाईतले असून, मराठ्यांनी ठाणे जिंकल्यानंतर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास ते बांधवून घेतले. गाभाऱ्यातले शिवलिंग एवढे मोठे आहे की पहिल्यांदा पाहणारा माणूस क्षणभर दारातच थबकतो. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा याच देवळाशी जोडलेली आहे, आणि त्या दिवशी या चौकात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. पत्रिकेची पहिली प्रत देवापुढे ठेवायची होती ती ठेवली, आणि देवळाच्या ओट्यावर बसून मी भाचीला ती गोष्ट सांगितली जिच्यासाठी मी तिला मॉलमधून ओढून इथे आणले होते.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोच्या प्रवासवृत्तात ठाण्याचे वर्णन आले आहे. त्यात ठाणे हे एक मोठे राज्य आहे, तिथून कमावलेले कातडे, कापड आणि कापूस जहाजांनी बाहेर जातो, आणि त्याच्या बदल्यात व्यापारी सोने, चांदी आणि तांबे घेऊन येतात, असे सांगितले आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या मालाच्या यादीशेजारी माझ्या भाचीच्या वहीचे पान ठेवून पाहावे. कापड आहे, तांबे आहे, सोने आहे, लग्नासाठी घ्यायच्या कोल्हापुरी चपला धरल्या तर कातडेही आहे. मला हा योगायोग वाटत नाही. ज्या गावाला खाडी आहे, खाडीला बंदर आहे आणि बंदरामागे घाटावरून उतरणारी वाट आहे, तिथे जिन्नस येत राहतात, आणि जिथे जिन्नस येतात तिथे ते पारखणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहतात. राज्ये शिलाहारांची गेली, गुजरातच्या सुलतानांची गेली, पोर्तुगीजांची गेली, मराठ्यांची आणि इंग्रजांची गेली. तांबे तोलणारा तराजू तेवढा या चौकातून हलला नाही.

म्हणून कलश घ्यायला मी तिला मुद्दाम इथल्याच भांड्यांच्या दुकानात नेले. दुकान अरुंद आहे, छतापासून घागरी टांगलेल्या असतात आणि आत दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याला पायरीवर थांबावे लागते. भाचीने नक्षीचा, चकचकीत, लाखेचा हात दिलेला एक कलश पसंत केला. दुकानदाराने तो तिच्या हातात न देता आधी तीन बोटांवर उलटा धरला आणि नखाने टिचकी मारली. आवाज आला तो थोडका आणि बसका. मग त्याने मागच्या फळीवरचा एक साधा, ठोक्यांचे ठसे अंगावर असलेला कलश काढला, तसाच धरला आणि तशीच टिचकी मारली. तो नाद दुकानातल्या इतर भांड्यांच्या कडांना लागून काही क्षण हलत राहिला. "पहिल्याचा पत्रा पातळ आहे, ताई, आणि जोड बुडाशी आहे," तो म्हणाला. "हा ठोकून घडवलेला आहे. वजनाला जास्त भरेल, पण तुमच्या मुलीच्या लग्नातही हाच वापराल." तिने तो हातात घेतला, बोटांच्या टोकांनी ठोक्यांच्या खळग्या चाचपून पाहिल्या, आणि स्वतः टिचकी मारली. नंतर ताम्हण आणि पळी निवडताना ती प्रत्येक वस्तू कानाशी नेत होती.

तांब्या-पितळेचा भाव वजनावर ठरतो आणि त्यावर घडणावळ वेगळी लागते, हे नव्या पिढीला माहीत नसते, म्हणून इथे सांगते. घरातली वापरात नसलेली जुनी भांडी मोडीत घालता येतात आणि त्यांच्या वजनाचे पैसे नव्या भांड्यातून वजा होतात. मी सासूबाईंच्या वेळचे, काठ चिरलेले एक घंगाळ मोडीत घालावे की नाही यावर महिनाभर विचार करत होते. शेवटी घातले नाही. पितळी भांडी रोजच्या वापरात ठेवायची असतील तर कल्हई लागते, आणि कल्हईवाला अजून कुठे मिळतो याचा पत्ताही अशाच दुकानात मिळतो.

जांभळी नाक्यावरून कोर्ट नाक्याकडे वळले की बाजार संपून कचेऱ्या लागतात, आणि त्यांच्या पलीकडे मध्यवर्ती कारागृहाची भिंत दिसते. हाच ठाण्याचा किल्ला. मराठ्यांच्या धास्तीने पोर्तुगीजांनी १७३० नंतर तो बांधायला घेतला. काम पुरे होण्याआधीच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांच्या ताब्यात आला, आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. आत जाता येत नाही, छायाचित्रेही काढू नयेत. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने भिंतीकडे पाहत चालावे. तांब्याचा संबंध इथेही आहे. १७८७ साली या किल्ल्याच्या परिसरात पायासाठी खोदताना मजुरांना कोरलेला ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये, म्हणजे इसवी सन १०१७ मध्ये, दिलेल्या दानाचा तो लेख होता, आणि कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात तो प्रसिद्ध झाला. दान चंद्रसूर्य असेतो टिकावे म्हणून ते तांब्यावर कोरत. मी हे सांगत असताना भाचीच्या पिशवीतला कलश ताम्हणाला लागून वाजला, आणि ती काही न बोलता पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन ऐकत राहिली.

या भिंतीच्या आत घडलेल्या दोन गोष्टी मी प्रत्येकाला सांगते. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी १८१५ मध्ये इथे कैदेत ठेवले होते. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. त्यांना मराठी येत नव्हते. सांगतात ते असे, की एक मोतद्दार त्याच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणत असे, आणि सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यांतूनच त्रिंबकजीला कळत गेला. १८१६ च्या सप्टेंबरात तो निसटला. दुसरी गोष्ट सांगताना माझा आवाज नेहमीच खाली येतो. महादेव कोळ्यांचा बंडकरी नाईक राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी इथे फाशी दिली, आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघा तरुणांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फासावर चढवले. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. लग्नाच्या खरेदीला निघालेल्या मुलीला हे का सांगायचे, असे माझ्या एका शेजारणीने विचारले. मला वाटते, ज्या भिंतीजवळून आपण रोज भाजी घेऊन जातो तिच्या आत काय झाले हे ठाऊक नसणे बरे नव्हे. जवळच इंग्रजांनी बांधलेले सेंट जेम्स चर्च आहे, १८२५ चे. ते शांत आणि लहानसे आहे. झाडांमुळे रस्त्यावरून पुरते दिसत नाही.

टेंभी नाका ठाणेकरांना नवरात्रातल्या देवीसाठी ठाऊक आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात जे यहुदी प्रार्थनास्थळ आहे, त्याच्यापुढून मात्र शेकडो लोक रोज नजर न टाकता जातात. शार हशमायिम, म्हणजे स्वर्गाचे द्वार, हे त्याचे नाव, आणि ते १८७९ पासून इथे आहे. बेने इस्रायली यहुद्यांची भारतातली सर्वांत मोठी वस्ती आज ठाण्यात आहे. त्यांची परंपरा अशी सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पेणकर, चेऊलकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. त्यांची घरची भाषा मराठी आहे. माझ्या कार्यालयात एक बेने इस्रायली सहकारी होती, आणि तिच्या लेकीच्या लग्नाआधी झालेल्या मलिद्याला मी गेले होते. गुळाचे गोड पोहे, ओले खोबरे, खजूर आणि फळे असे ते ताट एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मांडतात. त्यांच्याकडे मेंदीच्या दिवशी नवरीला हिरव्या बांगड्या भरतात हे मी तिथेच पाहिले, आणि मला आपल्या चुड्याची आठवण झाली. आत जायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते. आम्ही गेलो त्या शनिवारी तर शब्बाथच, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, होता, त्यामुळे आम्ही फाटकाबाहेरून निळसर पांढऱ्या शांततेकडे पाहिले आणि पुढे झालो.

तिथून तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, पाच मिनिटांवर आहे. वाटेत सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च लागते, पोर्तुगीज काळापासूनचे, आणि त्याला लागूनच शाळा. म्हणजे शिलाहारांशी नाते सांगणारे देऊळ, पोर्तुगीजांच्या वेळचे चर्च आणि बेने इस्रायलींचे प्रार्थनास्थळ, ही तिन्ही एका मासुंदा तलावाच्या आसपास, एका दमात चालून होण्याइतक्या अंतरावर आहेत. आम्ही काठावरच्या कट्ट्यावर बसून सरबत घेतले. समोर गडकरी रंगायतन होते. १९७८ साली ते उभे राहिले तेव्हापासून ठाण्याच्या मध्यमवर्गाची रविवारची संध्याकाळ तिथेच जाते, आणि भाचीच्या आईला दाखवायला आले ते स्थळ, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, त्यांची व आमच्या घरच्यांची पहिली भेट त्याच्याच पायऱ्यांवर झाली होती. हे भाचीला ठाऊक नव्हते. तिने तिथेच उभे राहून आईला फोन लावला आणि मला पंधरा मिनिटे कट्ट्यावर एकटीला बसावे लागले.

राम मारुती रोड आणि गोखले रोड हा वाटेचा शेवटचा भाग, आणि साड्यांचा, तयार कपड्यांचा बाजार तो हाच. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे नव्या कपड्यांतली हजारो तरुण मुले-मुली इथे आणि तलावपाळीवर जमतात; ठाण्यात वाढलेल्या माणसाला दिवाळी पहाट म्हटले की हाच रस्ता आठवतो. इथे अष्टपुत्री घ्यायची होती, आणि या बाबतीत मी फार जपून वागते, त्याला कारण आहे. माझ्या धाकट्या नणंदेच्या वेळी एका दुकानातून घेतलेली नऊवारी, नेसवताना कासोटा पुरेना. मोजली तेव्हा ती साडेआठ वारही भरली नाही. मुहूर्त तासावर आला होता. सासूबाईंनी स्वतःची इरकल काढून दिली म्हणून वेळ निभावली, पण त्या सकाळी माझी जी घालमेल झाली ती मी विसरलेले नाही. तेव्हापासून दुकानदाराच्या पट्टीवर न विसंबता मी कापड हाताने मोजते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे दीड फूट. वार तीन फुटांचा, म्हणून नऊ वार म्हणजे १८ हात, आणि मीटरमध्ये सांगायचे तर सव्वाआठ मीटर. आपला हात दीड फुटापेक्षा किती कमी-जास्त भरतो हे घरी एकदा पट्टीवर पाहून ठेवावे, म्हणजे हिशेब चुकत नाही.

दुकानातल्या मुलाने पिवळ्या साड्यांचा ढीग गादीवर उलगडला. मी एकेक घडी सोडत, कोपर टेकवत, मोठ्याने आकडे मोजत गेले. पहिली १७ हातांवर संपली. दुसरी पावणेअठरा. तिसरी १८ हात पुरी होऊन वर चार बोटे उरली, काठ दोन्ही बाजूंनी सारखा होता आणि पदराच्या उलट बाजूला धागे लोंबत नव्हते. दुकानाचे मालक गल्ल्यावरून उठून आले आणि शांतपणे पाहत उभे राहिले. मला वाटले ते रागावतील. ते मुलाला म्हणाले, "बघून ठेव. माझी आई अशीच मोजायची." त्यानंतर खणांचे गठ्ठे त्यांनी स्वतः काढून दाखवले, आणि गुळेदगुड्डचा खण कोणता व यंत्रमागावरची नक्कल कोणती हे काठाकडच्या विणीवर बोट ठेवून समजावले. भाचीने दहा खण घेतले. मी दोन माझ्यासाठी घेतले, जे यादीत नव्हते.

चुडा भरायला अजून अवकाश आहे, पण मनगटाचे माप देऊन ठेवायचे होते. कासार हा शब्द कांस्यकारापासून आला, म्हणजे काशाची भांडी घडवणारा तो कासार, आणि बांगड्या भरणाऱ्यालाही आपण कासारच म्हणतो. सकाळी भांड्यांच्या दुकानात सुरू झालेली वाट दुपारी बांगड्यांच्या दुकानात अशी येऊन मिळते, याचे मला दर वेळी नवल वाटते. कासारकाकांनी भाचीचा पंजा दोन्ही बाजूंनी दाबून, अंगठा आत मिटवून माप घेतले. एक बांगडी चढवताना तडकली, तेव्हा ती पटकन "फुटली!" म्हणाली. काका मान हलवून म्हणाले, "फुटली नाही म्हणायचं पोरी, वाढली म्हणायचं." माझी आईही असेच म्हणायची. चुडा लग्नाच्या दोन दिवस आधी घरी येऊन भरायचे ठरले, आणि एका हातात एक बांगडी जास्त ठेवायची, कारण आमच्याकडे ती रीत आहे.

दोन वाजत आले होते. पिशव्या जड झाल्या होत्या, आणि यादीत मुंडावळ्या तेवढ्या उरल्या होत्या. मोत्यांच्या तयार मुंडावळ्या कुठेही मिळतात, परंतु भाचीला फुलांच्या हव्या होत्या, म्हणून आम्ही गावदेवीजवळच्या फुलवालीकडे गेलो. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ती मोगऱ्याची वेणी गुंफत होती. डाव्या हाताची दोन बोटे कळ्या जोडीने लावत होती आणि उजवा हात गाठ मारत होता, आणि आमच्याशी बोलताना तिची नजर एकदाही हातांकडे गेली नाही. आज घेऊन काय उपयोग, ती म्हणाली, मुंडावळ्या त्याच दिवशी न्यायच्या. तिने तारीख विचारली, मुहूर्त विचारला, भाचीच्या कपाळाला दोरा लावून माप घेतले आणि त्याला एक गाठ मारून तो कमरेच्या पिशवीत ठेवला. मार्गशीर्षात कळी उशिरा येते, तेव्हा साडेपाचच्या आत येऊ नका, पण सहाच्या पुढेही जाऊ नका, असे तिने बजावले. तिथून भाची स्टेशनकडे गेली आणि मी कलश घेऊन घरी आले, कारण तो मामाच्या घरून निघायचा आहे.